कारणाचा रकाना

मतमोजणीच्या दिवशी सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांनी आमच्या दैनिकाच्या धुळे कार्यालयातल्या सर्व्हरने सगळ्यांना नकार द्यायला सुरुवात केली. शिरपूरच्या वार्ताहराला नकार मिळाला, मग दोंडाईच्याच्या, मग शिंदखेड्याच्या. नऊ वाजून चौदा मिनिटांनी कळलं की ज्या माणसाने तो सर्व्हर बसवला आणि ज्याने बारा वर्षं त्याची दारं राखली, त्यालाही तो आत घेत नाही. तो माणूस जळगावला होता. सर्व्हर धुळ्यात, देवपुरातल्या कार्यालयात. मधे एरंडोल, पारोळा आणि दोन तासांचा रस्ता. मतमोजणी दहाला सुरू होणार होती.

त्या माणसाला कार्यालयात सगळे नाना म्हणत. हुद्दा संगणक विभागप्रमुख. विभागात ते एकटेच. दैनिकाचे दोन सर्व्हर होते, एक जळगावला, एक धुळ्याला. तालुक्यातले वार्ताहर बातम्या आणि फोटो त्यावर टाकत, उपसंपादक तिथून उचलत, तयार पानं पुन्हा तिथेच जात. हे सगळं नाना जळगावच्या एका टेबलावरून सांभाळत. टेबलावर पाण्याची बाटली, पट्टी, निळं पेन आणि लाल कापडी बांधणीचं एक रजिस्टर. धुळ्याच्या सर्व्हरच्या खोलीत तसंच दुसरं रजिस्टर खिळ्याला टांगलेलं असे.

नानांचं तत्त्व तीन शब्दांचं होतं: आधी सगळं बंद.

त्याचा अर्थ असा. सर्व्हरवर जी मूळ प्रणाली टाकतात, ती काही गोष्टी ठरवूनच येते. बाहेरच्या कोणत्या यंत्राला कोणत्या कामासाठी आत घ्यायचं, हे कोणीतरी आधीच लिहून ठेवलेलं असतं. काही प्रणाली बरंच उघडं ठेवून येतात, नको ते आपण बंद करायचं. काही बंद येतात, हवं ते आपण उघडायचं. बहुतेक कार्यालयांत ती बसवताना पडद्यावरचा मजकूर वाचायचा कंटाळा करून 'पुढे, पुढे' दाबतात आणि जे आलं ते वर्षानुवर्षं तसंच चालतं. नाना 'पुढे' दाबत नसत.

नवा सर्व्हर आला की पहिल्या दिवशी ते त्याला कामच देत नसत. तो कोणकोणती दारं उघडी घेऊन आला आहे याची यादी छापत आणि संपादकीय विभागात उभं राहून ती हजेरीसारखी वाचत.

"छपाईचं दार. कोणाला पाहिजे?"

कोणी मान वर करत नसे.

"या मशीनला प्रिंटर लावलाय का कोणी? नाही. बंद. लांबून पडदा बघायचं दार. कोणाला पाहिजे?"

एकदा क्रीडा पान बघणारा सहकारी वैतागून म्हणाला, "राहू द्या ना उघडं, नाना. इथे येतंय कोण?"

"कोण येतंय ते तुला माहीत नाही. मलाही माहीत नाही," नाना म्हणाले. "जे मी उघडलं ते कशासाठी उघडलं, हे मी सांगेन. जे आधीच उघडं आलं, ते कोणी उघडलं म्हणून कोणाला विचारू?"

यादी पुढे सुरू झाली. त्या दिवशी सतरा दारं वाचली गेली, पंधरा बंद झाली. हा आकडा रजिस्टरात आहे.

सगळं बंद झालं की मागणीप्रमाणे एकेक उघडायचं. मागणी रजिस्टरात. पाच रकाने: नाव, कुठून, काय पाहिजे, किती वेळ, कारण. रकाने नाना स्वतः पट्टीने आखत आणि कारणाचा रकाना बाकी चारांपेक्षा रुंद ठेवत. त्यात "काम आहे" किंवा "अर्जंट" लिहिलं तर ते रजिस्टर उलट फिरवून परत देत आणि काही न बोलता पेन पुढे करत.

याचा सर्वांत जास्त त्रास रावेरच्या वार्ताहराला झाला. तो एका जागी बसून काम करणारा नव्हता. केळीच्या पॅकिंग शेडमध्ये, ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये, मेहुण्याच्या दुकानात, जिथे इंटरनेट मिळेल तिथून तो बातमी टाकायचा. इंटरनेटवर प्रत्येक जोडणीला एक आकडी पत्ता असतो आणि नानांच्या यादीत पत्त्याप्रमाणे परवानगी होती. रावेरचा पत्ता रोज बदलायचा, म्हणून रोज फोन, रोज नोंद.

"नाना, कायमचं उघडून टाका की. मी काय चोर आहे?"

"तू आता कुठे आहेस?"

"पॅकिंगवर. केळी भरू राहिले ट्रकमध्ये."

"ट्रकात घड चढवायच्या आधी पॅकिंगवाला काय करतो?"

"बघतो."

"प्रत्येक?"

"प्रत्येक."

"तुझ्या बागेतली असली तरी?"

रावेरकर म्हणाला, "लिहा. कारण, वादळात केळी आडवी झाली त्याचे फोटो. सहा आहेत."

"किती वेळ?"

"अर्धा तास."

"सहा फोटोला पंधरा मिनिटं पुरतात."

पंधरा मिनिटं हे नानांचं आवडतं माप होतं. मुदत संपली की दार आपोआप बंद होई. त्यासाठी त्यांनी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता, पण त्यावर विसंबत नसत. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून स्वतः खात्री करत.

या पद्धतीचा एक फायदा कोणी ठरवून केलेला नव्हता. जिल्ह्यात कुठे काय घडतंय हे संपादकांच्या आधी नानांच्या रजिस्टरात लिहिलेलं असे. चारच्या बैठकीपूर्वी दोन-तीन उपसंपादक पाणी प्यायच्या निमित्ताने त्या टेबलाजवळ जाऊन कारणाचा रकाना वाचून येत. मी वार्ताहर, तरी मीही जात असे. नानांना ते कळत होतं. रजिस्टर ते आमच्या बाजूला तोंड करून ठेवू लागले.

नाना वाढले भुसावळजवळच्या दीपनगरला, वीज केंद्राच्या वसाहतीत. वडील गेटवर होते. नाना सांगत की एका सकाळी एक फार मोठे साहेब पास घरी विसरून आले. वडिलांनी सलाम केला, खुर्ची दिली, पाणी दिलं, आत सोडलं नाही. साहेब घरी गेले, पास आणला, रजिस्टरात सही केली आणि आत गेले. पुढे काय झालं, वडिलांना बक्षीस मिळालं की बदली, असं कोणी विचारलं की नाना म्हणत, "काहीच झालं नाही. साहेब कामाला लागले, बाप गेटवर उभा राहिला." या गोष्टीला दुसरा साक्षीदार नाही. मी भुसावळच्या दोन निवृत्त कर्मचाऱ्यांना विचारलं. त्यांना वडील आठवत होते, प्रसंग आठवत नव्हता.

हे वाचून कोणाला वाटेल की नाना संशयी होते. त्यांच्या घरी गेलेल्या कोणालाही तसं वाटलं नसतं. जळगावातल्या त्यांच्या घराचं पुढचं दार सकाळी उघडे ते झोपायच्या वेळी लागे. शेजारच्या बाई साखर घेऊन जात, कोणाची तरी मांजर येऊन पाय पसरे, गल्लीतली दोन म्हातारी माणसं पेपर वाचायला येऊन बसत आणि नाना घरात नसले तरी बसत. मी एकदा विचारलं की हे कसं. ते शेंगा सोलत होते.

"कसं म्हणजे?"

"तिकडे पंधरा मिनिटं, इकडे दिवसभर."

"घरात काय आहे रे? घरात माणसं यायलाच पाहिजेत. सर्व्हरमध्ये माणूस गेला तर तो बातमी घेऊन जायला पाहिजे नाहीतर ठेवून यायला. नुसता बसायला कशाला जाईल?"

हिवाळ्यात भरताची वांगी आली की ते रविवारी भरीत करत. वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजलेली, लाकडी भांड्यात ठेचलेली, सोबत ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी. सगळं कार्यालय, छपाई विभाग, वितरणवाले, त्यांच्या घरची माणसं. पहिल्या वर्षी मी किती माणसं येणार याची यादी करू का म्हणालो. नानांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कारणात 'अर्जंट' लिहिलं आहे.

"भरिताला यादी नसते," ते म्हणाले.

त्यांच्या विरोधात तक्रारी होत्याच. त्यातली मोठी मालकांची होती. मालकांना आम्ही भाऊसाहेब म्हणतो. भाऊसाहेब सुरतेला लग्नाला गेले होते. दुपारी त्यांना पुरवणीचं पहिलं पान बघायचं होतं. त्यांनी तिथून सर्व्हर उघडायचा प्रयत्न केला, नकार मिळाला, फोन केला. मी जळगावच्या कार्यालयात समोरच बसलो होतो आणि नानांचा फोन नेहमीप्रमाणे मोठ्या आवाजावर होता.

"नाना, मला पान दिसत नाहीये."

"दिसणार नाही, भाऊसाहेब. तुम्ही सुरतेत आहात."

"ते मला माहीत आहे."

"सर्व्हरला माहीत नव्हतं. आता उघडतो. कारण सांगा, लिहून घेतो."

"कारण? अहो, मी मालक आहे."

नानांचं पेन कागदावर टेकलेलं होतं. ते त्यांनी उचललं.

"हे कारण नाही, भाऊसाहेब. हा हुद्दा झाला."

फोन बंद झाला. पुरवणीच्या उपसंपादकाने पानाचा मोबाइलवर फोटो काढून भाऊसाहेबांना पाठवला. भाऊसाहेब परत आले ते पुण्याच्या एका कंपनीचा इंजिनिअर बरोबर घेऊन. इंजिनिअर तिशीचा, नम्र, पाठीला बॅग. त्याने दोन्ही सर्व्हर जळगावातून पाहिले आणि सांगितलं की नवं सॉफ्टवेअर टाकताना फायरवॉल, म्हणजे नानांची ती सगळी मनाई, सुरुवातीला काढून ठेवू. सगळं नीट चालू झालं की मग एकेक बंद करत जाऊ.

"मग म्हणजे कधी?" नानांनी विचारलं.

इंजिनिअर हसला. नाना हसले नाहीत. ते उत्तराची वाट पाहत होते.

भाऊसाहेबांनी तोडगा काढला. पुढच्या महिन्यात नगरपालिकांची मतमोजणी होती. वर्षातला सर्वांत घाईचा दिवस, प्रत्येक फेरीचा आकडा मिनिटात संकेतस्थळावर जायला हवा. त्या दिवशी सर्व्हरबद्दल एकही तक्रार आली नाही तर नानांची पद्धत कायम. आली तर पहिल्या तारखेपासून दोन्ही सर्व्हर कंपनीकडे.

"तक्रार कोणाची धरायची?" नाना म्हणाले.

"कोणाचीही."

"लिहून घेतो."

त्यांनी ते लिहून घेतलं आणि भाऊसाहेबांची सही घेतली. नानांच्या निवृत्तीला दोन वर्षं होती. सर्व्हर गेले तर त्यांच्याकडे प्रिंटरची शाई भरणं आणि माऊस बदलणं एवढंच उरणार होतं. हे भाऊसाहेबांच्या केबिनमध्ये तेव्हा असलेल्या सगळ्यांना माहीत होतं.

मतमोजणीसाठी मी धुळ्याला गेलो. भाऊसाहेबांनी दोन दिवस आधी जळगावच्या कार्यालयात नवी, वेगवान इंटरनेट जोडणी घेतली होती. त्यामुळे नानांच्या स्वतःच्या यंत्राचा पत्ता बदलला होता. नव्या पत्त्याची नोंद त्यांनी रजिस्टरात केली, धुळ्याच्या सर्व्हरवरच्या यादीतही केली. पण महत्त्वाच्या दिवशी जुनी यादी बाजूला ठेवून कोरी यादी लिहायची, ही त्यांची सवय. त्या सकाळी त्यांनी जळगावहून धुळ्याची यादी नव्याने लिहायला घेतली. क्रम ठरलेला होता आणि तो त्यांनी आम्हा सगळ्यांना ऐकवलेला होता: आधी स्वतःला आत घ्या, मग सगळं बंद करा, मग बाकीच्यांना एकेक उघडा. त्यांनी पहिल्या ओळीत स्वतःचा पत्ता लिहिला. बारा वर्षांच्या सवयीने हाताने जुना पत्ता लिहिला. दुसऱ्या ओळीत सगळं बंद केलं. नऊ वाजून बारा मिनिटं झाली होती. तिसरी ओळ लिहिता आली नाही.

नऊ चौदाला त्यांचा फोन आला. आवाज नेहमीचा होता.

"मी बाहेर राहिलो," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे सर्व्हर चालू आहे. कोणाला घेत नाही. मलाही. लांबून काही होणार नाही, त्याच्यासमोर बसावं लागेल."

"मी बसतो. सांगा काय टाइप करायचं."

"खोलीची किल्ली कोणाकडे आहे?"

"अक्कांकडे."

"तू किल्लीच्या यादीत नाहीस."

"नाना, पाऊण तास राहिलाय."

"म्हणून तर. अक्काला दे फोन."

अक्का धुळे कार्यालयाच्या सहायक, बोली अहिराणी. सकाळी आठला कार्यालय त्याच उघडतात. पांझरा नदीपलीकडच्या धुळ्याच्या बाजारातला नाही, देवपुरातलाच चहा चांगला असं त्यांचं मत आहे आणि तो चहा त्यांच्याच हातचा असतो. सर्व्हरच्या खोलीची किल्ली नानांनी त्यांना दिली तेव्हा यादीत दोनच नावं होती, नानांचं आणि त्यांचं. भाऊसाहेबांच्या पुतण्याला एकदा थंड हवेत बसून मोबाइल चार्ज करायचा होता. त्याला त्यांनी स्वतःची खुर्ची आणि पंखा दिला, किल्ली दिली नाही.

ती खोली पूर्वी कागदाच्या रिळांचं गोदाम होती. खिडकी नाही, आत मोबाइलला रेंज नाही. फोनवर ऐकायचं तर दारात यावं लागे, टाइप करायचं तर आत जावं लागे. मी दारात फोन धरून उभा राहिलो.

"अक्का, पहिले रजिस्टर घ्या," नाना म्हणाले.

"आते? मशीन पहिले का रजिस्टर?"

"रजिस्टर."

अक्कांनी खिळ्यावरून रजिस्टर काढलं, पेन घेतलं.

"नाव लिहा. अक्का. कुठून, खोलीतून. काय पाहिजे, कालची यादी परत लावणे. किती वेळ, पंधरा मिनिटं."

"लिखं. कारण काय लिखू?"

शिरपूरच्या वार्ताहराचा माझ्या दुसऱ्या फोनवर तिसरा कॉल येत होता. मी तो कापला.

"लिहा," नाना म्हणाले, "नानांनी स्वतःचा पत्ता चुकीचा लिहिला."

अक्कांनी पेन थांबवलं. त्यांना सहीची, अटीची आणि पहिल्या तारखेची सगळी हकीकत माहीत होती. ती मीच आदल्या संध्याकाळी चहा पिताना सांगितली होती.

"असं नका लिखाडू, भाऊ. भाऊसाहेब वाचतीन. मी 'मशीन बंद पडनं' लिखी टाकस. कोन पाहाले येस?"

"मशीन बंद पडलं नाही, अक्का. मशीनने बरोबर केलं."

"पन..."

"मी चुकलो. ते लिहा."

अक्कांनी लिहिलं. नऊ एकतीस, अशी वेळ त्या नोंदीसमोर आहे.

पुढचं काम पासवर्डचं होतं. नानांनी मला जिन्यावर जाऊन उभं राहायला सांगितलं.

"मी कोणाला सांगणार आहे का, नाना?"

"तू वार्ताहर आहेस. तुझ्या लक्षात राहील."

फोन दाराशी ठेवून मी जिन्यावर गेलो. पासवर्ड कागदावर लिहायला नानांची मनाई होती, म्हणून अक्का दारात येऊन एक अक्षर ऐकत, आत जाऊन ते दाबत आणि पुढच्या अक्षरासाठी पुन्हा दारात येत. मला शब्द ऐकू येत नव्हते, चपला ऐकू येत होत्या. मी फेऱ्या मोजल्या. बावीस झाल्या. त्यातल्या काही अक्षर पुन्हा विचारायला झाल्या, असं अक्का नंतर म्हणाल्या. त्यामुळे तो शब्द किती अक्षरी होता हेही मला खात्रीने सांगता येत नाही.

मग मला परत बोलावण्यात आलं.

"भाऊ, काळं काळं दखास. दुसरं काहीच नही," अक्का म्हणाल्या.

"काळंच पाहिजे. डाव्या कडेला लुकलुकतंय का?"

"लुकलुकी राहिनं."

"आता मी सांगतो ते एका ओळीत लिहायचं. मधे एक मोकळी जागा."

"कितली मोठी?"

"खालचं लांब बटण, एकदाच दाबायचं."

ती ओळ लिहायला अक्कांना चार मिनिटं लागली. एकदा त्यांनी दारात येऊन नानांना अक्षर परत म्हणायला लावलं, एकदा "धीरे धीरे बोला, घाई नका करू" असं बजावलं. नानांनी घाई केली नाही. नऊ वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी अक्का आतूनच म्हणाल्या, "व्हई गयं." त्याच मिनिटाला शिरपूरच्या वार्ताहराचा संदेश आला: आत गेलो. मागोमाग दोंडाईचा, शिंदखेडा.

दहा वाजून सात मिनिटांनी नानांनी पुन्हा अक्कांना फोन दिला.

"पासवर्ड बदलला मी."

"म्हंजे आते माले काहीच माहीत नही?"

"काहीच नाही."

"बरं व्हयनं. डोकामा जड पडी राहिनं व्हतं."

पहिल्या फेरीचा पहिला आकडा दहा एकोणतीसला शिंदखेड्याहून आला आणि आत गेला. संध्याकाळपर्यंत एकही आकडा अडला नाही. भाऊसाहेबांना दिवसभरात सर्व्हरबद्दल एकही फोन गेला नाही. तिन्ही वार्ताहरांनी मला केले होते. त्यांना अट माहीत होती.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी नाना धुळ्याच्या रजिस्टरातल्या त्या पानाची झेरॉक्स घेऊन भाऊसाहेबांच्या केबिनमध्ये गेले. तिथे काय झालं ते मला दोघांनी वेगवेगळं सांगितलं. दोन्ही हकिकती जुळतात.

"एक तक्रार आहे," नाना म्हणाले.

"मला तर कोणाचा फोन आला नाही."

"माझी आहे. सेहेचाळीस मिनिटं धुळ्याचा सर्व्हर कोणाला घेत नव्हता."

भाऊसाहेबांनी कागद वाचला. मग म्हणाले, "तुमची तक्रार, तुमच्याच विरुद्ध?"

"कोणाचीही धरायची, असं ठरलंय. तुमची सही आहे."

"आकडे तर वेळेत आले."

"आले. पण दार माझ्या चुकीने लागलं होतं."

"नाना, तुम्ही माणूस आहात की फायरवॉल?"

"रविवारी भरिताला या. मग ठरवा."

भाऊसाहेब भरिताला आले. दोन भाकरी खाल्ल्या, तिसरी अर्धी. अट मात्र अट होती आणि ती मोडायला नानाच तयार नव्हते. पहिल्या तारखेला दोन्ही सर्व्हर कंपनीकडे गेले.

त्या आठवड्यात पुण्याचा तो इंजिनिअर धुळ्याला आला. मी कार्यालयात होतो. त्याने अक्कांकडे खोलीची किल्ली मागितली. अक्कांनी त्याला चहा दिला आणि रजिस्टर दिलं. त्याने कारणाच्या रकान्यात लिहिलं: मालकांनी पाठवलं.

अक्कांनी वाचलं आणि रजिस्टर उलट फिरवून त्याच्यापुढे ठेवलं.

"हाई कारण नही, भाऊ. हाऊ हुद्दा शे."

दुसऱ्यांदा त्याने "सर्व्हरचं काम" लिहिलं. रजिस्टर पुन्हा फिरलं. तिसऱ्यांदा त्याने लिहिलं: नवं सॉफ्टवेअर टाकण्याआधी कोणती दारं उघडी आहेत आणि का, ते बघणे. अक्कांनी किल्ली दिली.

तो आत गेला नाही. दारातच खुर्ची टाकून रजिस्टर वाचत बसला. सुरुवातीच्या पानापासून. अधूनमधून तो लॅपटॉपवरची यादी बघे आणि तीच ओळ रजिस्टरात शोधे. दोन तासांनी त्याने मला विचारलं, "हे सगळं एकाच माणसाने लिहिलंय?"

"मागणाऱ्यांनी लिहिलंय. त्यांनी लिहायला लावलंय."

"मी अशा याद्या पुष्कळ बघितल्यात," तो म्हणाला. "कोणती ओळ कशाला आहे ते कोणालाच माहीत नसतं. म्हणून काढायलाही सगळे घाबरतात." मग तो रावेरच्या नोंदी वाचून बराच वेळ हसला.

कंपनीने भाऊसाहेबांना जो अहवाल दिला त्यात मूळ मांडणीबद्दल एकच वाक्य आहे: आधी सगळं बंद ठेवण्याची सध्याची पद्धत कायम ठेवावी. त्याखाली, धुळ्याच्या रजिस्टरासाठी स्थानिक जबाबदार व्यक्ती म्हणून अक्कांचं नाव आहे. ते कंपनीने सुचवलं की नानांनी, याबद्दल दोघंही बोलत नाहीत.

नानांनी उरलेली दोन वर्षं शाई भरली आणि माऊस बदलले. नवा माऊस मागणाऱ्याला ते जुन्याला काय झालं ते लिहून द्यायला लावत. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी जळगावच्या यादीतून स्वतःची ओळ काढायला कंपनीला अर्ज केला. पाचही रकाने भरले होते. कारण होतं: काम संपलं. ओळ त्याच दुपारी काढण्यात आली.

धुळ्याच्या रजिस्टरातली सर्वांत अलीकडची नोंद मी काल पाहिली. ती फोनवरून घेतलेली आहे, अक्षर अक्कांचं. नाव: नाना, निवृत्त. कुठून: घर, जळगाव. काय पाहिजे: सगळ्या वार्ताहरांना एक निरोप पाठवणे. किती वेळ: या रकान्यात 'अर्धा तास' लिहून खोडलं आहे, पुढे 'पंधरा मिनिटं' आहे. कारण: रविवारी भरीत आहे, सगळ्यांनी यावं, यादी नाही. खाली अक्कांची सही. दार सकाळी अकरा वाजता उघडलं आणि अकरा वाजून पंधरा मिनिटांनी बंद झालं.